टायरवाल्या शोभाताई

कुठलीही गाडी आली की शोभाताई आधी हवा बघत नसत. चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून बघत. "गाडीले बी श्वास घ्याले जागा लागते, भाऊ," म्हणत. मलकापूरला हायवेच्या कडेला त्यांचं टायरचं दुकान. नवरा गेल्यावर त्यांनीच ते चालवलं. साडीवर त्याचा खाकी शर्ट घालून जॅक लावणाऱ्या या बाईंपुढे ट्रकवालेही गुमान उभे राहत.

मी नवा प्राध्यापक, गाडीही नवी. शहरातून कंपनीच्या मापापेक्षा मोठी, रुंद अलॉय चाकं बसवून आणली आणि जुनी, टायरसकट, ताईंकडे विकायला ठेवली. त्याच आठवड्यात बुलढाण्याला मामेबहिणीचं लग्न. घरची चार माणसं घेऊन निघालो आणि मिरवायचं म्हणून हवेच्या निमित्ताने दुकानावर थांबलो.

ताईंनी बोटं घातली. जेमतेम एक गेलं.

"स्टेअरिंग पुरं फिरव."

फिरवलं. आतून खर्र आवाज आला.

"हे टायर हाय का रंधा? माणसं बसली का गाडी दबते. घाटात वळणावर मडगार्डले घासून कापल्या जाईन हे. काढ!"

"ताई, मुहूर्त चुकीन!"

"चुकला तं चुकला. मागं माय बसली हाय ना तुही?"

सगळ्यांसमोर पाणउतारा झाला म्हणून मी तणतणत गाडी काढली. मोताळा मागे टाकला आणि पाठून हॉर्नचा धडाकाच सुरू झाला. ताईंच्या शेजाऱ्याची पिकअप, तिच्यात हातवारे करणाऱ्या ताई, आणि मागे माझी जुनी चाकं!

थांबलो. ताईंनी माझं बोट धरून टायरच्या कडेवर टेकवलं. रबर सोलून आतले धागे हाताला लागत होते. समोर राजूरचा घाट. मी आधी सगळ्यांना खाली उतरवलं.

मग जी धांदल उडाली! मी जॅक मारतोय, पैठणी नेसलेली आई ओंजळीत नट घेऊन उभी, आणि ताई पान्यावर. "पन्नास किलोमीटर झाले का नट पुन्हा आवळजो!" त्यांनी बजावलं. शेवटच्या मंगलाष्टकाला पोचलो. काळ्या हातांनी अक्षता टाकल्या.

ताईंना हौसेचं वावडं नव्हतं. महिन्याभराने त्यांचाच फोन: "तुह्या मापाची अलॉय भेटली, ये लवकर!" बसवली, माणसं कोंबून तपासली, आणि त्या स्वतःच शेजारी येऊन बसल्या.

मागच्या वर्षी ताई गेल्या. मला त्या दिसतात अशाच: पट्टा घट्ट लावलेला, काच खाली, केस वाऱ्यावर, आणि हायवेभर ऐकू जाईल असं ओरडणं, "आनखीन एक चक्कर मार बे!"