दाजींचे नऊ प्रश्न

'बरं आहे' या उत्तरावर आमच्या दाजींइतका अविश्वास दाखवणारा माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात रहिमतपूरला, आणि दर मंगळवारी एसटीने म्हसवडच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांचे समुपदेशक म्हणून येतात. तिथल्या औषधांच्या खिडकीत मी बसतो, म्हणून त्यांचा जाच मला घरी आणि कामावर, दोन्हीकडे. प्रत्येक पेशंटला दर खेपेला तेच नऊ प्रश्न. झोप लागते का, भूक लागते का, असं करत करत शेवटचा, जगणं नकोसं वाटतं का. उत्तरं 'कधीच नाही', 'काही दिवस' इथपासून 'जवळजवळ रोज' पर्यंत, त्यांना शून्य ते तीन गुण, त्रास जास्त तितके गुण जास्त. बेरजेचं टिंब आलेखाच्या कागदावर काढायचं आणि मागच्या टिंबाला जोडायचं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याही सहज म्हणाले, "हल्ली झोप नाही हो." दाजींनी पंगतीतच विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत किती दिवस?" व्याही जिलबी हातात धरून आठवत बसले.

दवाखान्यात मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एक आक्का यायच्या. तरणा मुलगा अपघातात गेला आणि त्यांचं बोलणंच खुंटलं. गोळ्यांनी चार महिन्यांत त्या हसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "छान. गोळी कमी करू." दाजींनी कागद पुढे सरकवला. खाली आलेली रेघ पुन्हा वर चढली होती.

"चेहरा बरा आहे साहेब, रेघ बरी नाही."

बाहेर रांग होती. डॉक्टर वैतागले, पण थांबले. दाजी आक्कांजवळ बसले. "आक्का, शेवटच्या प्रश्नाला आज 'काही दिवस' म्हणालात."

आक्का पदराचं टोक पिळत राहिल्या. "समदी म्हणत्यात, लय बरी झालीस. त्यास्नी कसं सांगू, सून म्हायेरला गेल्यापासनं घर खायाला उठतंय? तुमी इचारलंत म्हून बोलली."

गोळी कमी झाली नाही. त्याच दिवशी दाजींनी आक्कांच्या जावेला बोलावून घेतलं, त्यांना एकटं सोडायचं नाही असं ठरवून घेतलं, आणि पुढचे कित्येक मंगळवार अलीकडच्या थांब्यावर उतरून आधी त्यांच्या घरी जाऊ लागले. रेघ आडमुठी, जरा उतरायची, पुन्हा अडायची. पण वर्षभरात ती तळाला टेकली आणि तिथेच राहिली.

डॉक्टर म्हणाले, "आता सहा महिन्यांनी या." आक्का "येते दादा" म्हणून उठल्या. दाजींनी टिंब काढलं, पण कागद काही फायलीत ठेवेनात.

"आनंदाची गोष्ट आहे, दाजी," मी म्हटलं.

"आहेच की. बरी झालेली माणसं मग फारशी येत नाहीत. येऊही नयेत."

असं म्हणाले खरे, पण आक्कांची एसटी वळणाआड जाईपर्यंत दारातून हलले नाहीत.