हिरव्या दिव्यावर न भुलणारी बाई

इंटरनेटच्या डब्यावर हिरवा दिवा लागला की आम्ही सगळे खूश व्हायचो. लाइनवाल्या बाईच्या कपाळाला मात्र आठी पडायची. "दिवा तं लागनच, भाऊ," ती म्हणायची. "टोकाले जाऊन पाहा लागते." मग ती आपल्या कॉम्प्युटरवरून दूर कुठेतरी हाक पाठवायची. उलट उत्तर आलं, तरच लाइन जिवंत.

ती सिंदेवाहीकडची. आमचा दवाखाना, ग्रामपंचायत आणि शाळा यांचं इंटरनेट तिच्याकडे. लाइनी दोन: जमिनीतल्या केबलची जाड, टॉवरच्या सिमची बारीक. रस्त्याच्या कामात केबल तुटायची, वादळात टॉवर गप्प व्हायचा. बाईनं अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर झटकला, त्यात लिनक्स घातलं आणि दोन्ही लाइनी त्याला जोडल्या. सगळा भार आता तोच दोन्ही लाइनींत वाटणार होता.

वाटायचं म्हटल्यावर मी गप्प कसा बसणार? शाळेत दुसरीपर्यंतच गेलो, पण तलावावरच्या मासोळीचे वाटे मीच घालत आलो. ढीग लहानमोठा झाला असं म्हणायची कोणाची छाती नाही. मी ठणकावून सांगितलं, "वाटे सारखेच पायजेत." सगळ्यांनी माझी री ओढली. बाईनंही आधी तसंच करून पाहिलं.

त्याच आठवड्यात माझ्या म्हातारीला, म्हणजे बायकोला, डॉक्टरांना दाखवायचं होतं. तिचं हृदय कमजोर. नागपूरचे डॉक्टर दवाखान्यातल्या पडद्यावरून तिला बघत. ते म्हणाले, "ती लाल गोळी आजपासून..." आणि पडदा थिजला. घ्यायची की बंद करायची? डॉक्टरांचा फोन लागेना. म्हातारी गोळ्यांचं पाकीट धरून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. दिवा हिरवागार.

बाई धावत आली. मी पेटलोच होतो. "वाटे सारखे आहेत ना? मंग काऊन तुटून राह्यलं?"

"सारखे आहेत म्हणूनच तुटलं, भाऊ. अर्धं बोलणं इकून गेलं, अर्धं तिकून. एका मासोळीचे दोन तुकडे करून दोन डोंग्यांत वल्हवत नेता का तुमी?"

"नाई."

"मंग! ज्या डोंग्यात चढली, त्याच डोंग्यानं काठाले. अन् मोठ्या डोंग्यात जास्त, लहान्यात कमी."

तिथंच बसून तिनं प्रत्येक बोलण्याला खूण बांधली: ज्या लाइनीनं निघालं, त्याच लाइनीनं शेवटपर्यंत जायचं. जाड लाइनीवर जास्त भार, बारकीवर कमी. हाकेला उत्तर न देणाऱ्या लाइनीवर नवीन काहीच नाही. डॉक्टर पुन्हा दिसले. "लाल गोळी आजपासून बंद. आणि पायांवर सूज येते का, पाहत जा." पूर्ण वाक्य, न तुटता.

मी कोणापुढे हात जोडत नाही. बाईसाठी प्यायचं पाणी मात्र स्वतः भरून आणलं. म्हातारी आजार विसरून म्हणाली, "अवो, तुमी पाणी आणलं?"

पुढे बाईची अहेरीकडे बदली झाली. म्हातारीनं तिच्या पिशवीत सुक्या मासोळीचं पुडकं घातलं. मी म्हटलं, "जा बाई बिनघोर. दिवा हिरवा आहे."

"अन् टोक?"

"टोक मी पाहीन."

आता सकाळी म्हातारीला तब्येत विचारली की चुलीपुढून न उठता ती म्हणते, "मी बरी आहो." हा झाला दिवा. मग मी खाली बसतो, तिच्या पावलावर अंगठा दाबतो आणि सुजेचा खड्डा राहतो का ते पाहतो. "लोक हासतीन ना!" म्हणत ती पाय ओढते. मी सोडत नाही.