पाहुण्यांची वर्गणी

स्वतःच्याच घरात ते खुर्चीच्या कडेवर बसायचे. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ टेकलेली नाही, आता कुणी "चला" म्हटलं की उठायला मोकळे. आपण एखाद्याकडे पहिल्यांदा गेलो की कसे बसतो, तसे. तिथं राहून त्यांना इतकी वर्षं झाली होती की मुलगी तिथंच जन्मून कॉलेजच्या वयाची झाली, पण बसणं तेच. आणि बोलणंही तेच. "आपण काय ताई, इथं पाहुणे. दोन वर्षांत निघायचंच आहे."

ही दोन वर्षं कधी सुरू झाली आणि कधी संपणार, ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या कंपाउंडमधली आम्ही मराठी माणसं त्यांना आपसांत 'पाहुणे'च म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना वावगंही वाटत नसे.

आमचं कंपाउंड कतारमध्ये, अल वक्राला. मधे एक गल्ली, दोन्ही बाजूंना जुनी बसकी घरं, तोंडाशी फाटक. मी वसईची, इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. पाहुणे नाशिकचे, गॅस कंपनीच्या कामांवर इंजिनिअर. त्यांचं घर आमच्या अगदी समोर, त्यामुळे त्यांच्या घरात काय आहे यापेक्षा काय नाही हे मला जास्त ठाऊक. पडदे नाहीत, खिडक्यांना चादरी. सोफा नाही, एकात एक बसणाऱ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. टीव्ही ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर ठेवलेला. मिक्सरचं, फ्रिजचं, इस्त्रीचं, सगळ्यांची खोकी आतल्या खोलीत छतापर्यंत रचलेली. "परत न्यायला लागतील ना!"

वहिनींना झाडांची हौस. पण कुंडी आणायची म्हटली की पाहुणे विचारायचे, "कुणाच्या भरवशावर?" शेवटी वहिनींनी घरामागे, एसीचं पाणी ठिबकतं तिथं, रंगाच्या रिकाम्या डब्यात कढीपत्ता लावला. पाहुण्यांनी तो कधी पाहिलाच नाही असं दोघांचं ठरलेलं होतं. फोडणीतला मात्र ते चवीनं खायचे.

खरं सामान होतं नाशिकला. सागवानी पलंग, सोफा, काचेचं कपाट, सगळ्यावर प्लास्टिकची आवरणं. वर्षातून एकदा सुट्टीत जायचे, आवरणं काढायचे, झटकायचे, परत घालून यायचे. एकदा वहिनी मला म्हणाल्या, "तिथं गेलं की नणंद दारातच विचारते, किती दिवस आहात? आणि इथं हे असे. आता तुम्हीच सांगा, मी पाय पसरून बसू कुठं?"

तर, रस्ता.

सरकारनं आमच्या बाहेरचा रस्ता नव्यानं केला. खालून ड्रेनेजची लाईन टाकली, वर झकास डांबर, कडेला फुटपाथ. सगळं उत्तम झालं, फक्त रस्ता उंच झाला आणि आमची गल्ली खाली राहिली, थाळीसारखी. बाहेरची वाळू आत, बाहेरचं पाणी आत. आतली गल्ली खाजगी, ती सरकार करणार नाही. सांडपाणी उपसायला येणारा टँकर उतारावर अडकायचा आणि मग त्याचा वास दिवसभर आमच्याकडे मुक्कामाला.

आम्ही घरमालकांना बोलावलं. मालक म्हणजे एक वयस्क कतारी गृहस्थ, स्वभावानं मोकळे, हिंदी आपल्यासारखंच मोडकं. बैठक फाटकाजवळ, दुपारची नमाज आटोपल्यावर. बसायला खुर्च्या पाहुण्यांच्याच, कारण इतक्या खुर्च्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्याच. मालक त्यातल्या एकीवर ऐसपैस बसले आणि त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "नुस मैं, नुस तुम लोग. भाडा नहीं बढ़ाएगा. खलास."

नुस म्हणजे निम्मं. निम्मा खर्च त्यांचा, निम्मा आमचा. ज्याच्या घराची गल्लीकडची बाजू जितकी लांब, तितका त्याचा वाटा. यावर कोपऱ्यावरच्या मलयाळी शेजाऱ्यानं लगेच हरकत घेतली की माझ्या घराला दोन बाजू, हा कोपऱ्यावर अन्याय आहे. इजिप्तच्या मास्तरांनी अन्यायावर छोटंसं भाषण केलं. चहा झाला, कोपऱ्याची एक बाजू माफ झाली, सगळे 'हो' म्हणाले.

"मी देणार नाही," पाहुणे म्हणाले. खुर्चीच्या कडेवरूनच.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"गणपतीची वर्गणी मागा, देतो. पण रस्त्याची? घर त्यांचं, जमीन त्यांची, देश त्यांचा. माझा व्हिसा संपला की मला हा रस्ता काय, फाटकसुद्धा ओलांडता येणार नाही. पाहुण्यानं कधी यजमानाची फरशी बसवून दिलेली ऐकलीय?"

खरं सांगू? त्यात चूक काय होतं, ते आम्हाला कुणालाच पटकन सांगता येईना. आम्हीसुद्धा मनातून कधी ना कधी हेच म्हटलेलं होतं.

मालकांनी मात्र उठता उठता सांगितलं, "सब मतलब सब. एक नहीं, तो रोड नहीं."

झालं. एका माणसापायी गल्ली अडली. मलयाळी शेजारी त्यांच्या सलामाला उत्तर देईना. मास्तरांची बायको वहिनींना दुकानात बघून कोथिंबिरीच्या मागे लपायची. आमचे हे एकदा समजवायला गेले आणि तासाभरानं "त्यांचंही बरोबर आहे" असं म्हणत परत आले, तेव्हापासून मी त्यांना पाठवणंच बंद केलं. वहिनी सगळ्यांची नजर चुकवून ये-जा करायच्या. पाहुणे मात्र रोज सकाळी खड्ड्यांतून गाडी आपटत नेत, गंभीर चेहऱ्यानं सगळ्यांना हात करत.

हिवाळ्यात पाऊस आला. आपल्याकडच्या लोकांना सांगितलं तर हसतील, पण इथं अर्धा दिवस पाऊस पडला की शहराची तारांबळ उडते. आमची थाळी काठोकाठ भरली. सकाळी दार उघडलं तर पाण्यावर कुणाच्या तरी चपला फिरत होत्या. त्यातच मास्तरांच्या म्हाताऱ्या आईला धाप लागली. गाडी आत येईना. मला बोलावलं, मी नाडी बघून सांगितलं, घाबरण्यासारखं नाही, पण दवाखान्यात न्यायला हवं.

तेवढ्यात समोरून पाहुणे आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची. "बसवा यावर त्यांना." एका बाजूनं पाहुणे, दुसऱ्या बाजूनं तो न बोलणारा मलयाळी शेजारी, आणि मधे खुर्चीवर आजी, पोटाशी पिशवी घट्ट धरून, अल्लाचं नाव घेत. फाटकापर्यंत नेलं. आजी संध्याकाळी ठणठणीत परत आल्या आणि पुढे कितीतरी दिवस आपली मिरवणूक कशी निघाली ते सांगत राहिल्या.

पण गोष्ट फिरली ती त्याच सकाळी, आजींना दवाखान्यात नेल्यानंतर.

पाहुण्यांच्या मुलीची, ईशाची, त्या दिवशी परीक्षा. शाळेच्या गणवेशात, बूट हातात, पाण्यात उभी. ही मुलगी कधी मराठी बोललेली मी ऐकली नव्हती. आईबाप मराठीत विचारणार, ती इंग्लिशमध्ये उत्तर देणार. बाप तिला म्हणाला, "चल, मी उचलून नेतो. थोडे दिवस सहन करायचं बेटा. आपण काय, इथं पाहुणे."

ती जागची हलली नाही. आणि मराठीत बोलली.

"तुम्ही पाहुणे असेल. मी कोणाचा पाहुणा?"

"अगं..."

"माझं शाळा इथं आहे. माझे फ्रेंड्स इथं आहे. नाशिकला मला सगळे विचारते, कधी जाणार. तुम्ही पण इथं रोज सांगते, जायचं आहे, जायचं आहे. मग मी कुठं राहते, बाबा?"

व्याकरण सगळं मोडलेलं, पण एक शब्द चुकला असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. पाहुणे तिच्यापुढे आले. मग पाण्यात पाठमोरे वाकले. ती क्षणभर थांबली, मग त्यांच्या पाठीवर बसली. एवढी मोठी मुलगी पाठुंगळी घेऊन ते फाटकापर्यंत गेले.

पाणी ओसरल्यावर एका सकाळी बाहेर बघते तर पाहुणे मोजपट्टी घेऊन स्वतःच्या घरासमोर ओणवे. आमचे हे बाहेर गेले. मीही गेले, अर्थात.

"काय झालं हो?"

"काय होणार? माप चुकलंय तुमचं," ते चिडून म्हणाले. "आमच्या गेटपाशी भिंत आत वळते. ती धरलीच नाही कुणी. चालायचं नाही असलं. वर्गणी बरोबर माप घेऊन मागायची असते."

"म्हणजे तुमचा वाटा कमी बसायला हवा होता?"

"जास्त!" ते ओरडले. "जास्त बसायला हवा होता! मला काय फुकट्या समजलात?"

आणि आत जाऊन त्यांनी चेक आणून ह्यांच्या हातात ठेवला. हे चेककडे बघत राहिले, मी पाहुण्यांकडे. ते मोजपट्टी गुंडाळण्यात फार गुंतले होते.

काम सुरू झालं आणि पाहुण्यांचा स्वभाव आम्हाला नव्यानं कळला. म्हणजे देत नव्हते तेव्हा बरे होते, असं वाटायची पाळी आली. गल्ली उकरली, भराव घातला, नळ टाकले, आणि प्रत्येक टप्प्यावर पाहुणे हजर. ऑफिसला जायच्या आधी, आल्यानंतर, शुक्रवारी दिवसभर. उताराबद्दल त्यांना शंका आली की घरातून बादली आणून पाणी ओतायचे आणि ते कुठं जातं हे बघत उभे राहायचे. पाणी चुकीच्या बाजूला गेलं की ठेकेदाराचा नेपाळी मुकादम त्यांच्याआधीच "सर, करतो, करतो" म्हणायचा. पुढे पुढे तर त्यांच्या हातात बादली दिसली की तो दुपारचं जेवण टाकून पळत यायचा. मालक आले की हसून विचारायचे, "मुहंदिस, मेरे पास नौकरी करेगा?" मुहंदिस म्हणजे इंजिनिअर.

वरती पेव्हर ब्लॉक कुठल्या रंगाचे, यावर पुन्हा बैठक. मास्तरांना करडे हवे होते, मलयाळी शेजाऱ्याला पिवळे. पाहुण्यांनी ईशाला बाहेर बोलावलं. "तू सांग." ती म्हणाली, करडे, पण कडेला लाल. "लाल कडा," पाहुण्यांनी जाहीर केलं. "विषय संपला." कुणीही वाद घातला नाही.

रस्ता पुरा झाला त्या संध्याकाळी सगळ्यांनी घरातून पदार्थ आणले आणि गल्लीतच बसलो. मी आमच्या वसईकडचे फुगे, म्हणजे मैद्याचे गोडसर गोळे, तळले, वहिनींनी साबुदाणा वडे, मास्तरांकडून रव्याचा गोड केक आला. आजी आपल्या मिरवणुकीची गोष्ट परत सांगत होत्या. पोरं सायकली घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू गल्लीला अंत नाही.

पुढच्याच महिन्यात गल्लीत ट्रक शिरला. आता शिरू शकत होता. त्यातून उतरला एक सोफा. मरून रंगाचा, इतका मोठा की पाहुण्यांच्या दारातून आत जाईना. दार काढावं लागलं. आत नेऊन ठेवला, खोली भरून गेली. वहिनी त्यावर बसल्या, पाय वर घेतले, आणि हसता हसता रडायला लागल्या. पाहुणे म्हणाले, "अगं, रंग आवडला नाही का? बदलून देतो म्हणालाय तो."

आणि स्वतः बसले. पाठ टेकून.

हे सुख काही त्यांना फार लाभलं नाही. वर्ष सरायच्या आत त्यांच्या कंपनीचं काम संपलं, माणसं कमी झाली, त्यात तेही. खरोखरच निघायची वेळ आली तेव्हा "आपण पाहुणे" हे मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. बरं हे की ईशाला दोह्याच्याच एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, राहायला हॉस्टेल. तिचा व्हिसा आता विद्यापीठाचा, बापाचा नाही. आईबाप निघाले, मुलगी राहिली.

निघायच्या दिवशी ऊन असं की लोखंडी फाटकाला हात लावता येत नव्हता. टॅक्सी आत आली, वहिनी बसल्या, त्यांना विमानतळावर सोडायला ईशाही बसली, बॅगा चढल्या. एक मोठी बॅग मात्र पाहुण्यांनी चढवू दिली नाही.

"तू गाडी फाटकाबाहेर घे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "मी येतो चालत."

"अहो, या उन्हात?" वहिनी खिडकीतून म्हणाल्या. "बसा ना गुपचूप!"

"जा तुम्ही. आलोच."

टॅक्सी पुढे गेली. पाहुणे बॅग ओढत गल्लीच्या मधोमध चालत निघाले. तिची चाकं ब्लॉकच्या सांध्यांवरून टकटक वाजत होती. प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं, ते प्रत्येकाला हात करत होते, पण थांबत नव्हते. मी आणि हे त्यांच्या मागे चार पावलांवर. 

फाटकापाशी ते एकदम थांबले. बुटाच्या टाचेनं लाल कडेचा एक ब्लॉक दाबला. पुन्हा दाबला. ब्लॉक खट्ट करून हलला.

"बघितलंत?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "खालची वाळू नीट बसवलेली नाही. मुकादमाला सांगा ताई. आत्ताच बघितलं नाही तर शेजारचेही सुटतील."

"सांगते, भाऊ."

"विसरू नका."

डोळे पुसून ते गाडीत बसले.

मुकादमाचा नंबर माझ्याकडे आहे, अजून लावलेला नाही. शेजारचे ब्लॉक अजून तरी घट्ट आहेत, मी अधूनमधून टाच दाबून बघते. आता त्या घरात एक फिलिपिनो कुटुंब राहतं. ईशा सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला येते. बाहेर गाडी थांबल्याचं ऐकू येतं, मग फाटकाशी खट्ट वाजतं, आणि मी तव्यावर पोळी टाकते.