ताटक्यांची फळी आणि सरांच्या चार बादल्या

मी जो काही आहे तो वानखडे सरांमुळे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. सर सौंसरहून सायकल मारत आमच्या शेतात आले आणि बाबांना म्हणाले, "पोराचा हात चित्रात चालते. त्याले कापूस वेचाले नका लावू." म्हणून आज मी नागपूरला वास्तुकला शिकवतो.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. "अबे, आपली शाळा पाडाची का ठेवाची, हे सोमवारी ठरून राहिलं. कमिटीत मतं बरोबरीत अडकली, माहं एकच राहिलं. तू शिकला. पाहून लिहून पाठव. लिहिशील तेच मत देतो."

इथेच पंचाईत होती. शाळा बांधली दिवाकर ताटके यांनी. उघड्या काँक्रीटचे ब्रुटालिस्ट वास्तुशिल्पी, गिलाव्याशी जन्माचं वैर. माझा जाडजूड प्रबंध त्यांच्यावरच आहे. त्यात ते देवापेक्षा एकच पायरी खाली उभे आहेत. आता त्याचं पुस्तक होतंय.

शनिवारी सकाळी निघालो. आधी पांढुर्णा, कारण तिथे ताटक्यांचा संत्र्याच्या लिलावाचा मांडव आहे. न पाहताच, नकाशा आणि फोटोंवरून, मी त्याला 'किरकोळ काम' म्हणून तळटीपेत निकालात काढलं होतं. गाडीत माझाच प्रबंध वाचायला घेतला. झोप लागायला तेवढं पुरलं. डोळे उघडले तेव्हा स्टेशन तिगाव होतं. पांढुर्णा केव्हाच मागे गेलं होतं.

बाहेर एक शेतकरी पिकअपमध्ये संत्र्याच्या पेट्या लावत होता.

"कोठी जाऊन राहिले भाऊ?"

"पांढुर्ण्याला. बाजाराची इमारत पाहायला."

"इमारत? तिथं लोकं संत्रा पाहाले येतेत!" तो पोट धरून हसला आणि मला शेजारी बसवलं. हातात संत्रं दिलं. मी ते फिरवून बघत बसलो, तर म्हणाला, "पूजा करून राहिले का? खा न जी!"

मांडव राखाडी, रुंद, तीन बाजूंनी उघडा. काँक्रीटवर साच्याच्या लाकडी पाट्यांच्या रेषा तशाच ठेवलेल्या. मागच्या लांब भिंतीतून, माणसाच्या खांद्याच्या वर, काँक्रीटची एक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. अशाच फळीला मी प्रबंधात 'सावलीचे क्षितिजसमांतर चिंतन' म्हटलं होतं. मी त्या चिंतनाचा फोटो काढत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाजू व्हा, बाजू!"

डोक्यावर भरलेली पेटी घेतलेला एक म्हातारा हमाल भिंतीशी आला, मान जराशी कलती केली आणि पेटी अलगद फळीवर सरकवली. वाकणं नाही, कोणाला हाक मारणं नाही.

"ही फळी कशासाठी आहे हो, काका?" मी विचारलं.

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "पेटी ठेवाले. अजून कायले?" मग फळीवर थाप मारून म्हणाला, "बांधाच्या वक्ती थो लंबा सायेब माह्या बापाच्या मागंमागं फिरे. डोक्यावर पेटी देऊन उभा करे न भिंतीवर खडूची रेघ मारे. बाप म्हणे, सायेब येडा हाय. पण पाहा, माही कंबर अजून सीधी हाय."

माझ्या प्रबंधात पेटी हा शब्द एकदाही नव्हता.

दुपारची बस सौंसरकडे निघाली. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगिचे, मधेच फुटलेला कापूस. जामसांवलीला अर्धी बस हनुमानाच्या दर्शनाला उतरली, तेव्हा कुठे मला बसायला मिळालं. सौंसरला स्टँडवर सांबारवडी (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली) खाल्ली. जीभ भाजली. दुसरी मागितली.

सर शाळेच्या फाटकाशी उभे होते. आत व्हरांड्यात तीच फळी, त्याच उंचीवर. ताटक्यांनी मांडवाचा नकाशा उचलून शाळेला डकवला होता. इथे खडूची रेघ कोणासाठी मारली नव्हती. मुलांचा हात तिथे पोचत नसे, म्हणून मास्तर जप्त केलेल्या वस्तू तिथे ठेवत. सहावीत माझा भोवरा तिथेच गेला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हीच फळी येणार होती.

सरांनी कपाट उघडलं. आत चार बादल्या. त्यांवर रंगाने लिहिलेलं: पाचवी, सहावी, सातवी, हापिस.

"पावसाळ्यात अर्धा तास शिकवो न मंग बादल्या रिकाम्या करो," सर म्हणाले. "प्रबंधाची पहिली प्रत मले पाठवली तू. आख्खी वाचली. त्यात एक थेंब गळत नाही बे! न तू तर सहावीच्या बादलीजवळच बसे."

मी सहावीची बादली हातात घेतली.

"काय लिहू सर?"

"माह्या मनातलं नोको लिहू. दिसलं ते लिही. चाल, चहा घेऊ."

संध्याकाळच्या बसने नागपूरला परतलो. जाताना मला एका मोठ्या माणसाचं मोजमाप करायचं होतं. परतताना कळलं, माझ्याकडे खडूच नव्हता. रविवारी सकाळी सौंसरच्या बसच्या कंडक्टरच्या हाती पत्र दिलं. आमच्याकडे घाईचं पत्र असंच जातं.

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

शाळा पाडा. दिसलं ते हेच. पांढुर्ण्याचा मांडव पाडायला मात्र कोणी निघालं, तर मला बोलवा. मी आडवा पडेन. ताटके मोठे होते, पण हमालाला विचारलं तेवढ्यापुरते. मुलांना त्यांनी विचारलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही. बादलीजवळ बसून मोठा झालो आणि त्याच छताखालच्या प्रकाशावर तीन प्रकरणं लिहिली.

मुखपृष्ठ बदलायला सांगितलं आहे. तिथे पेटीवाले काका येतील. मजूर फळीपर्यंत पोचले की माझा भोवरा बघायला सांगा.

शाळेचा फोटो पुस्तकात राहील, बादल्यांसकट. खाली असं छापायचं ठरवलं आहे:
वास्तुरचना: दिवाकर ताटके.
बादल्या: वानखडे सर.

आपला,
सहावीच्या बादलीशेजारचा