बंदूकवाले चाचा

कोणी बंदूक घेऊन आलं की चाचा ती मधून उघडून उजेडाकडे धरत आणि एक डोळा मिटून नळीतून पाहत. मग बंदूक खाली ठेवत, पण डोळा तसाच मिटलेला ठेवून समोरच्या माणसाकडे पाहत. "हिचं कळलं," म्हणत. "आता तुमचं सांगा."

लोणावळ्याच्या बाजारपेठेत माझं चिक्कीचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून चाचांचं परवान्याच्या बंदुकांचं. पर्यटक चुकून त्यांच्याकडे शिरत. "शेंगदाण्याची आहे का?" विचारत. चाचा गंभीरपणे सांगत, "आमच्याकडचा माल फारच कडक. दातांनी तुटेल असा शेजारी."

त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे मावळातले शेतकरी. भातात रानडुकरं शिरतात म्हणून परवाना काढलेला आणि आजोबांच्या वेळची दुनळी गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. एकेक बंदूक तीन पिढ्या टिकायची. "कंपन्यांना हे कसं परवडणार?" चाचा म्हणत. "डुकरं तेवढीच राहिली तर माणसांना घाबरवावं लागतं."

याचा अनुभव मलाही आला. पूर्वी सरकारी कारखान्याचा माल यायचा. नंतर खाजगी कंपन्या आल्या, त्यांचे टाय लावलेले एजंट आले. त्यातल्या एकानं मला पिस्तुलांच्या चित्रांचं, गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं. "मॅडम, खास महिलांसाठी. पर्समध्ये बसतं." मी म्हटलं, "माझ्या पर्समध्ये मला चष्मा सापडत नाही." चाचा इतके हसले की त्यांना स्टुलावरून उठावं लागलं.

एका दुपारी मी चहा घेऊन गेले, तेव्हा तो एजंट तिथंच होता आणि औंढ्याचा एक गडी आला. चाळिशीचा, निम्मी जमीन बंगल्यांना गेलेली, गळ्यात जाड साखळी, हातात नवाकोरा परवाना.

"चाचा, रिवाल्वर पायजे. भारीतलं."

"डुकरांसाठी?"

"न्हाई. चुलतभावासाठी." मग तोच ओशाळला. "म्हंजे, निस्तं दावायला. माजा बांध कोरलाय त्यानं."

एजंटानं पुस्तक उघडलं. चाचा शांतपणे म्हणाले, "एका भावाची सही लागेल."

"कुटं लिवलंय?"

"नवा नियम आहे."

असा कुठलाच नियम नव्हता. एजंटानं तोंड उघडलं, तोच चाचांनी त्याच्या हातात माझ्या चहाचा कप दिला. गड्याला सख्खा भाऊ नव्हता. सही मागायची तर त्या चुलतभावाकडेच. हा काही परत येत नाही, असं आम्ही धरून चाललो.

आठवड्यानं दोघंही आले! एजंटही होताच. दोन वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. सहीसाठी म्हणून बोलले. चुलतभावानं काचेखालचा माल न्याहाळला आणि म्हणाला, "मलाबी एक दावा."

"परवाना?" चाचांनी विचारलं.

"काडतो की."

"फॉर्म आम्ही भरून देतो, सर," एजंट फुलून म्हणाला.

चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी उलटून, तपासून एक रिकामं रिव्हॉल्व्हर काचेवर ठेवलं. पहिल्यानं ते उचललं. "बग, हातात कसं बसतंय," म्हणत तो भावाकडे वळला, आणि नळी थेट भावाच्या पोटाकडे गेली.

"खाली!"

वीस वर्षांत चाचांचा चढलेला आवाज मी तेवढाच ऐकला. चुलतभावानं दोन्ही हात पोटावर धरले होते, लहान मुलासारखे. "आरं, रिकामं हाय," पहिला म्हणाला. त्यानं ते हळूच काचेवर ठेवलं. चुलतभाऊ मटकन खाली बसला. मी पाणी दिलं.

पेला रिकामा करून तो भावाला म्हणाला, "सोमवारी ये. बांध मोजून घिऊ."

"व्हय. येतो."

दोघं गेले. सही कुणी केलीच नाही. "दोन ऑर्डरी गेल्या, चाचा," एजंट कळवळला.

"चालत गेले ना? मग झालं."

तो गेल्यावर मात्र चाचांनी मला जवळ बोलावलं. "वहिनी, आज माझी हुशारी अंगाशी आली असती," म्हणाले, आणि डोळे पुसले. पुढं त्या कंपनीनं त्यांना माल देणं बंद केलं. चाचा दुरुस्तीवर खूश राहिले.

गेल्या थंडीत ते गेले. दुकानातल्या बंदुका रीतसर पुण्याच्या एका दुकानात हलवल्या.

त्यानंतर महिन्याभरानं सुदुंबऱ्याचे एक आबा आले, एका खांद्यावर गुंडाळलेली बंदूक आणि दुसऱ्यावर चाचांसाठी आणलेलं नव्या तांदळाचं गाठोडं. त्यांना काही कळलेलं नव्हतं. मी सांगितलं. ते माझ्या पायरीवर बसले आणि गाठोड्याकडे पाहत राहिले. "आता ह्ये कुनाला देऊ?"

मी दुकान मुलीवर सोपवलं आणि त्यांना चाचांच्या घरी घेऊन गेले. चाचींनी गाठोडं सोडलं, मूठभर तांदूळ नाकाशी नेला, आणि पदर सावरत म्हणाल्या, "जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."

आबा दारातच घुटमळले. "आन् ही कुटं ठिऊ?"

चाचींनी कोपरा दाखवला. आबांनी बंदूक उघडून रिकामी असल्याचं त्यांना दाखवलं आणि छत्र्यांशेजारी उभी करून ठेवली. मग आम्ही तिघं तो वाफाळता भात जेवलो.