मामांचा बुधवार

काळाशी सलगी असलेला माणूस मी आजवर एकच पाहिला: आमच्या हिचे मामा. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात, मामांनी हिब्रू धरली. रास्ता पेठेतल्या एका ज्यू मित्राकडे बसून ते बायबलचा जुना करार मुळातून वाचू लागले आणि काळासाठी तिथे किती शब्द आहेत हे कळल्यापासून त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. मंडईतून परस्पर आमच्याकडे येत आणि दारातच सुरू होत. 'एत' म्हणजे ज्या त्या गोष्टीची योग्य वेळ, 'मोएद' म्हणजे आधी ठरवून ठेवलेली भेटीची वेळ, आणि 'ओलाम' म्हणजे नजर पोचणार नाही इतका लांबचा काळ, मागचाही आणि पुढचाही! तोवर पिशवीतली कोथिंबीर मान टाकत असे.

पण त्यांचा खरा जीव जडला तो 'योम'वर, म्हणजे दिवसावर. तिथल्या सृष्टीच्या कथेत आधी संध्याकाळ होते, मग सकाळ. म्हणून ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला लागतो. मामांनी हे नुसतं वाचलं नाही, आचरणात आणलं. कात्रजच्या आमच्या नव्या घराची वास्तुशांत बुधवारी होती. मामा मंगळवारी दिवेलागणीला, कोट-टोपी चढवून, मामींसकट हजर. रंगारी अजून शिडीवर होता.

"सूर्य मावळला. बुधवार लागला," मामा म्हणाले.

"मग पंगत कुठे बसलीय तेही विचारा," मामी म्हणाल्या.

मामींनी हे एकदा तरी मान्य करावं, एवढीच मामांची आस होती. वाढदिवसाचे फोनही ते सगळ्यांना आदल्या संध्याकाळी करत, आणि दर वेळी मागून मामींचा आवाज येई, "ह्यांचं काही ऐकू नका, उद्याच आहे तो." मामा हिरमुसत, पण क्षणभरच. लगेच उसळून मला सांगत, "जावईबापू, दिवस अंधारापासून मोजायला घेतला की पुढे उजाडायचंच असतं. केवढी सोय आहे बघा!"

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. यंदा माझ्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी सवयीने फोनजवळ घुटमळत होतो आणि स्वतःवरच चिडत होतो. तेवढ्यात तो वाजला. मामी होत्या.

"सूर्य मावळला," त्या म्हणाल्या. "म्हणजे लागला तुमचा वाढदिवस. शुभेच्छा."

मी बराच वेळ फोन कानाशी धरून थांबलो, पण मागून कुणीच काही बोललं नाही.