कुसुमआजीचे वडील जहाजावर होते

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. आत्ताही दार लावून लिहिते आहे – मागून कुणी वाचेल म्हणून.

आष्टीत मला पत्रकं लिहिणारी मुलगी म्हणून ओळखतात. सत्य बोलायला घाबरू नका, असं मीच छापते. मीच!

शेजारच्या कुसुमआजीचे वडील दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या स्वयंसेवी राखीव दलात अधिकारी होते – समुद्रात पेरलेले सुरुंग काढणाऱ्या जहाजावर. त्यांची वही आजीने माझ्या हातात ठेवली. "यंदा बाबाचं नाव येऊ दे पोरी. नीट लिहजो." वहीत पानोपानी एकच होतं – आज भीती वाटली. आणि तरी ते रोज कामावर उभे राहत होते.

पण बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांशी लढलेल्या या गावात इंग्रजांच्या गणवेशातल्या माणसाचं नाव कसं घ्यायचं? स्मृतिदिनाला आमच्याकडे त्या लढ्यातल्यांची नावं वाचतात. ज्याचं नाव येईल त्याच्या घरचं माणूस उभं राहतं. माझे सोबती काय म्हणतील? त्यांना खरं सांगवेना, आजीला नाही म्हणवेना. मग यादीतल्या बाकीच्यांसारखंच आजीच्या वडिलांच्याही नावापुढे मी लिहिलं – तुरुंगवास.

वाचलंही मीच. आजी उभी राहिली, पण गप्प राहिली नाही. "तुरुंगात नाई वं, जहाजावर होते माहे बाबा!"

सारा मंडप माझ्याकडे वळला. वही पिशवीतच होती. काढून दाखवायला कितीसा वेळ लागला असता?

मी माइकवर हसले. म्हणाले, "आजीले आता आठवत नाई."

"बुढीनं बापाले बोटीत बसवलं!" मागून कुणीतरी ओरडलं. मंडप खदखदला. आजी खाली बसली.

याला दोन वर्षं झाली. सून तिला गॅस पेटवू देत नाही. बाजारात एकटी सोडत नाहीत. विसरण्यावरची गोळी सुरू आहे. वही माझ्या कपाटात, कपड्यांखाली. तिच्या दारावरून जाताना मी फोन कानाला लावते – कुणाचाही नसतो.

गेल्या गुरुवारी तिने मला अंगणात गाठलंच. मला वाटलं, वही मागेल. तिने नुसता हात धरला. सुनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "बाबा मले जहाजाचं सांगत होते वं. मीच भुलून राह्यली का?"

मी हो म्हणाले.